प्रभागात काम सुरू करायचंय: पत्र, हरकत, मोर्चा आणि मदतफळी (पुण्यापुरता धागा)

#१ रिकामा_कट्टा

मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते. आता ४१ प्रभागांतून १६५ जण निवडून आलेत आणि 'आपल्या भागासाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?' हा प्रश्न पुन्हा जिथे तिथे दिसतोय. उत्तर मिळतं ते 'जागरूक व्हा' छापाचं. कोणाला गाठायचं, कुठल्या खिडकीत, कुठल्या महिन्यात, ते कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा. कृपया अनुभवकथन नको, त्याला दुसरे शंभर धागे आहेत. कृती लिहा.

सुरुवात मी करतो. नवे गट बंद पडतात ते आळसामुळे कमी, पत्ता चुकल्यामुळे जास्त. खड्ड्याचं पत्र थेट आयुक्तांना जातं, तिथून पायरी पायरी उतरत तीन आठवड्यांनी कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर पोचतं. तोवर गटात सुप्रभातची फुलं सुरू झालेली असतात. तेव्हा पहिल्या आठवड्यात पत्र लिहूच नका, नकाशा करा. आपल्या भागातला रस्ता, नाला, दिवा, मोकळी जागा कोणाच्या ताब्यात आहे, त्याचा. शहरात १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. साधारण १२ मीटरपर्यंत रुंदीचे रस्ते त्यांच्याकडे, त्याहून रुंद असतील तर मुख्य पथ विभागाकडे. मुठा उजवा कालवा शहरातून जातो, पण तो जलसंपदा विभागाचा. कात्रज-देहूरोड बाह्यवळण महामार्ग प्राधिकरणाचं. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटची हद्द तर वेगळीच. कालव्याकाठचा प्रश्न असेल तर दोन्ही खात्यांना एकाच तारखेचं पत्र द्या आणि दोन्ही पत्रांत दुसऱ्याचा उल्लेख करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. सप्टेंबर २०१८ मध्ये दांडेकर पुलाजवळ कालवा फुटला तेव्हाही जबाबदारी कोणाची यावरच आधी वाद झाला होता.

आणि चार सदस्यांच्या प्रभागाबद्दल. (४० प्रभाग चारचे, एक पाचचा.) 'तो भाग आमच्यात नाही, ते ब-वाले बघतात' हे उत्तर ऐकायला मिळतंच. अ, ब, क, ड ही जागांची नावं आहेत, गल्ल्यांची नाहीत. चौघंही अख्ख्या प्रभागाच्या मतांवर निवडून येतात. आपसात हद्द वाटून घेतली असेल तर ती त्यांची सोय. आपण एकच पत्र चौघांच्या नावे द्यायचं.

#२ पोहोच_घ्या

नकाशाबद्दल +१. आता पत्र.

एक पान, एक विषय, दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. 'ठेवून जा, साहेबांना देतो' म्हणाले की पत्र परत घ्या आणि आवक-जावक कक्ष गाठा. आवक क्रमांक नसलेलं पत्र कार्यालयाच्या लेखी जन्मालाच आलेलं नसतं.

मजकुरात जागा अशी सांगा की माणूस डोळे मिटून पोचेल: जवळच्या दिव्याच्या खांबावरचा क्रमांक, दुकानाचं नाव, लांबी-रुंदी मीटरमध्ये, तारखेसह दोन फोटो. शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी' हे पिढीजात वाक्य लिहू नका. योग्य काय ते मग तेच ठरवतात, आणि बहुधा काहीच न करणं योग्य ठरतं. 'अमुक खांबापासून तमुक खांबापर्यंत ३० मीटर पदपथावरचे उखडलेले ब्लॉक पुन्हा बसवावेत आणि कामाची तारीख लेखी कळवावी' असं मागा.

चढण अशी: कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त, परिमंडळाचे उपायुक्त. प्रत्येक पायरीवर पंधरा दिवस थांबा, पुढच्या पत्राला मागच्याची पोहोच जोडा. पायरी गाळली की पत्र फिरून खालीच येतं, आणि खालच्या माणसाला वर तक्रार केल्याचा राग असतो तो वेगळा.

पीएमसी केअर ॲप सुट्या दुरुस्तीसाठी ठीक आहे: बंद दिवा, न उचललेला कचरा. त्याहून मोठं काम टाकलं की 'संबंधित विभागाकडे वर्ग' म्हणून तक्रार बंद होते. बंद झालेल्या तक्रारीचा स्क्रीनशॉट पत्राला जोडायला मात्र फार कामाचा.

सह्यांची मोहीम काढणार असाल तर मागणीचा मजकूर प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापा. एका पानावर मजकूर आणि मागे नुसत्या सह्यांचे कागद असले की 'आम्हाला वेगळंच सांगून सही घेतली' म्हणायला जागा उरते. पानावर २० ओळी, पत्त्याचा रकाना रुंद, मोबाइलचा रकाना ऐच्छिक. आणि मूळ प्रत कधीही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा.

#३ नवखा_नाना

हे लोकशाही दिनात नेलं तर लवकर होईल ना?

#४ पोहोच_घ्या

@नवखा_नाना, तिथे गल्लत होते. लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी, पण अर्ज विहित नमुन्यात १५ दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा लागतो. मुख्य म्हणजे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. दोनशे सह्यांचं निवेदन घेऊन गेलात तर ते तिथे बसतच नाही. न्यायालयात असलेली, माहिती अधिकारातली, नोकरीविषयक प्रकरणंही नाहीत. म्हणून ज्याच्या घरात गटाराचं पाणी शिरतं त्याने स्वतःच्या नावे अर्ज करायचा. अशा चार घरांचे चार वेगळे अर्ज गेले तर चालतात.

#५ सोमवार_तीन_ते_पाच

माहिती अधिकाराचा भाग मी घेतो. नावावरून कळलंच असेल.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. शुल्क १० रुपये. उत्तराला ३० दिवस. अर्ज चुकीच्या खात्यात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य खात्याकडे पाठवायचा असतो (कलम ६(३)), तुम्हाला परत द्यायचा नसतो. ३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे कायद्याने नकारच. त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क २० रुपये. त्याच्या निर्णयानंतर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाच्या तारखेची वाट बघत बसू नका, पहिल्या अपिलाच्या सुनावणीलाच निम्म्याहून जास्त कागद हाती येतात. मुदत उलटल्यावर माहिती मिळाली तर ती विनाशुल्क मिळायला हवी, कलम ७(६). हे अपिलात लिहायला लोक विसरतात.

अर्ज फसतात ते प्रश्नामुळे. 'रस्ता इतका निकृष्ट का झाला?' हा प्रश्न झाला, माहिती नव्हे, आणि उत्तर येतं 'प्रश्नार्थक, देता येत नाही'. कागदाचं नाव घेऊन मागा. रस्त्यासाठी पाच कागद: पूर्वगणनपत्रक (कामाआधी काढलेला खर्चाचा अंदाज), कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश), मोजमाप पुस्तिका, त्रयस्थ तपासणीचा अहवाल, आणि दोष दायित्व कालावधी किती हे दाखवणारं निविदेतलं पान. हा शेवटचा कागद सोन्याचा. त्या मुदतीत खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. तुमच्या गल्लीचा रस्ता मुदतीत आहे हे कळलं की पत्राची भाषाच बदलते. 'खड्डा बुजवा' नाही, 'ठेकेदाराकडून बुजवून घ्या, महापालिकेच्या खर्चाने नको'.

मोजमाप पुस्तिका मिळाली की टेप घेऊन रस्त्यावर जा. रुंदी तीन ठिकाणी मोजा. पुस्तिकेतला आकडा आणि टेपचा आकडा शेजारी शेजारी लिहा. पुढे काहीही लिहू नका, 'भ्रष्टाचार' हा शब्द तर मुळीच नाही. दोन आकडे पुरतात, आणि बदनामीच्या नोटिशीचीही भीती राहत नाही.

फाइल जाडजूड असेल तर प्रती मागण्याऐवजी अवलोकन मागा. सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत आधी सुरू झाली. पुढे २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती राज्यभरच्या जिल्हा कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू झाली. खिडकीवर कोणी नाही म्हणालं तर वाद घालू नका. अवलोकनाचा हक्क मूळ कायद्याच्या व्याख्येतच आहे, कलम २(जे). त्याच्या आधारे रीतसर अर्ज टाका.

एक बदल मात्र लक्षात घ्या. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(जे) नोव्हेंबर २०२५ पासून फार कडक झालंय, 'सार्वजनिक हित' दाखवून सूट मिळण्याची वाट त्या कलमातूनच काढून टाकली आहे. लाभार्थ्यांची नावं मागितली की नकार ठरलेला. संख्या, रक्कम, तारीख आणि काम झालेली जागा एवढंच मागा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

#६ स_यादी

तक्रारीने जुनं दुरुस्त होतं. नवीन काम हवं तर अंदाजपत्रकात शिरायला लागतं.

नागरिकांच्या सहभागाने अंदाजपत्रक ही सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात क्षेत्रीय कार्यालयात आणि संकेतस्थळावर अर्ज घेतात. एका कामाला ५ लाखांची मर्यादा. बाक, पदपथाचा तुकडा, दिवे, बसथांब्याचं छत, असली कामं. मुदत वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात येते आणि जाते, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापासून कार्यालयात विचारत राहा.

सूचना कशामुळे उडते? पहिलं कारण, जागा महापालिकेच्या ताब्यात नाही. सोसायटीतला रस्ता, खासगी बोळ, आरक्षित पण अजून संपादित न झालेलं मैदान, सगळं बाद. दुसरं, काम मोघम: 'परिसर सुशोभीकरण'. तिसरं, खर्च मर्यादेबाहेर. त्यावर उपाय म्हणजे अर्ज भरण्याआधी कनिष्ठ अभियंत्याला जागेवर बोलवा, लांबी मोजा, दरसूचीवरून ढोबळ आकडा त्याच्याकडूनच काढून घ्या. पुढे छाननी तोच करणार असतो. आपणच काढलेला आकडा माणूस सहसा खोडत नाही.

काम अंदाजपत्रकाच्या पुस्तकात छापून आलं म्हणजे झालं असं समजू नका. अर्थशीर्षक (त्या कामाचा पैसा ज्या नोंदीखाली ठेवलाय ती) आणि पान क्रमांक टिपून ठेवा. वर्षाच्या उत्तरार्धात 'वर्गीकरण' नावाचा प्रकार होतो: या कामाचा पैसा त्या कामाला. तुमच्या बाकांचे पैसे दुसरीकडच्या कमानीला जाऊ शकतात. दिवाळीनंतर कार्यादेश निघाला का ते विचारा. निघाला नसेल तर चौघा नगरसेवकांना अर्थशीर्षकासकट पत्र. नगरसेवकांच्या सूचनेने येणाऱ्या कामांची 'स' यादी वेगळी असते. बाक कोणाच्या यादीतून आला याने बसणाऱ्याला फरक पडत नाही, फक्त पाटीवर नाव कोणाचं यावर महिनाभर भांडण होतं. ते त्यांचं त्यांना करू द्या.

#७ टेकडीवरचा_वारा

मुदतीचाच विषय निघालाय तर हरकतींबद्दल.

झाडावर नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढा, तारीख दिसेल असा. वृक्षतोडीवर हरकतीला सात दिवस मिळतात आणि ते दिवस नोटिशीच्या तारखेपासून धावतात, तुमच्या नजरेस पडल्यापासून नाही. हरकतीत 'झाडे लावा झाडे जगवा' नको. झाडाची जात, बुंध्याचा घेर (जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर), नोटिशीतली संख्या आणि प्रत्यक्षातली संख्या, आणि पर्याय: आराखडा दोन मीटर सरकवला तर कोणती झाडं वाचतात. पुनर्रोपणाचा वायदा असेल तर जागा आणि तीन वर्षांच्या पाण्याची सोय लेखी मागा. परवानगी दिल्यावरही कायद्याने १५ दिवस तोड करता येत नाही, तेवढ्यात वर दाद मागता येते. सुट्टी जोडून आलेल्या शुक्रवारी करवत निघते, हे पुण्यात सांगायला नको.

विकास आराखडा किंवा आरक्षण बदलाची सूचना असेल तर ३० दिवस. २०१३ मध्ये जुन्या हद्दीच्या आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, म्हणजे पुणेकर या कामात कच्चे नाहीत. पण एकच मजकूर झेरॉक्स करून हजारांनी दिला की सुनावणीला त्यांचा गठ्ठा एकत्र बांधतात. सामायिक मजकूर पहिल्या परिच्छेदात ठेवा, दुसरा परिच्छेद प्रत्येकाने स्वतः लिहा: माझं घर कुठे, मला काय बाधा. आणि शेवटी 'मला समक्ष सुनावणी हवी' हे वाक्य. ते नसलं तर बोलावणं येण्याची खात्री नाही.

#८ घोषणाफलक

कागद पुरत नाही तेव्हा रस्ता. त्याचीही कृती असते.

एका जागी धरणं आणि रस्त्यावरून मोर्चा यात पोलिसांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यांदा करणाऱ्यांनी धरणंच करावं. किमान आठवडाभर आधी स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज, प्रत वाहतूक शाखेला. अर्जात तारीख, सुरू आणि संपण्याची वेळ, अपेक्षित संख्या (फुगवू नका, संख्या वाढली की अटी वाढतात), दोन जबाबदार व्यक्तींची नावं, ध्वनिक्षेपक आहे की नाही, मंडप आहे की नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी, रात्री १० ते सकाळी ६ बंद.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश शहरात वारंवार निघतात, बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचे. तुमच्या तारखेला तो लागू आहे का ते आधी बघा, असेल तर परवानगीशिवाय पाच माणसंही जमाव ठरतात. त्याच कलमात काठ्या-लाठ्यांना मनाई असते, तेव्हा फलकाला जाड दांडा लावू नका. पुठ्ठा हातात धरायचा किंवा गळ्यात अडकवायचा.

साधारण २५ माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला एकाच रंगाची पट्टी. पाणी आणि जवळचं स्वच्छतागृह आधी बघून ठेवा, विशेषतः बायकांसाठी. नाहीतर तासाभरात निम्मी गर्दी घरी. निवेदन द्यायला पाच जण, बोलणार एकच. संपण्याची वेळ दहा मिनिटं आधी जाहीर करून खरोखर संपवा, पुढच्या परवानगीला हेच कामी येतं. बातमीचं टिपण दुपारी चारच्या आत, दोनशे शब्द, मागणी पहिल्या ओळीत.

आदल्या दिवशी पोलिसांकडून १४९ ची नोटीस आली तर घाबरू नका. ती प्रतिबंधात्मक असते, गुन्हा नव्हे. सही करून प्रत घ्या.

#९ सोमवार_तीन_ते_पाच

दुरुस्ती: १४९ जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं. जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८. बोलताना सगळे अजून १४९ च म्हणतात, पण तुमच्या उत्तरात नवा आकडा लिहा. तसंच आदेशभंगाचं जुनं १८८ आता न्याय संहितेत २२३. हा गुन्हा किरकोळ वाटतो, पण पारपत्राच्या आणि सरकारी नोकरीच्या पडताळणीत अडतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांना अर्जदार म्हणून पुढे करू नका. सदाशिव-नारायण पेठेत हे आवर्जून सांगावं लागतं.

#१० आडवा_प्रश्न

सगळं छान. पण हा कोथरूड-औंधचा कार्यक्रम झाला. ताडीवाला रोडच्या किंवा जनता वसाहतीतल्या बाईला अर्थशीर्षकाशी काय देणंघेणं? तिला रेशन मिळत नाहीये. तुमच्या सभेला ती का येईल?

#११ कॉट_नंबर_बारा

प्रश्न आडवा असला तरी बरोबर आहे. पुण्यात कष्टकऱ्यांच्या ज्या संघटना टिकल्या त्या घोषणांवर टिकल्या नाहीत. हमाल पंचायतीने हमालांच्या हक्कांबरोबर 'कष्टाची भाकर' चालवली. १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत कचरावेचकांच्या ओळखपत्रापासून सुरू झाली आणि त्या ओळखपत्राला महापालिकेची मान्यता मिळवली. आधी हातात काहीतरी पडतं, मग माणूस सभेला येतो.

तेव्हा वस्तीत आठवड्यातून एक दिवस, एकाच जागी, एकाच वेळी मदत-टेबल लावा. समाजमंदिर किंवा मंडळाची खोली. वेळ पाणी येऊन गेल्यावरची. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी तीननंतर मोकळ्या होतात, सकाळी अकराची सभा म्हणजे रिकाम्या खुर्च्या. टेबलावर वही, स्टेपलर, शाई पॅड आणि दोन माणसं: एक लिहिणारा, एक ऐकणारा.

रेशनचं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, दोन्ही मोफत. शहरात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार आहे. रोजंदारीवरचं कुटुंबही कागदावर त्यात बसत नाही, हे मूळ दुखणं, ते टेबलावर सुटणार नाही. पण बरीच प्रकरणं साधी असतात: नवीन सून किंवा बाळाचं नाव चढवलेलं नाही, ई-केवायसी अडकलीय. बांधकामावर काम करणाऱ्यांचे आणि म्हाताऱ्यांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही. त्यांच्यासाठी 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्याने होतं, अट एवढीच की आधारला चालू मोबाइल जोडलेला हवा. दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, अर्ज शिधावाटपाच्या परिमंडळ कार्यालयात (महापालिकेच्या परिमंडळात नव्हे), पोहोच घेऊन.

आता दवाखाना, कारण वस्तीतलं कर्ज बहुतेक तिथूनच सुरू होतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, उपचार मोफत. ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल, सवलतीत. चूक कुठे होते? लोक बिल हातात आल्यावर सवलत मागतात. दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला गाठून लेखी अर्ज द्यायचा: शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार. दाखल्याला दिवस लागतात, म्हणून मधुमेह, हृदयविकार, डायलिसिस असलेल्या घरांनी तो दरवर्षी आधीच काढून ठेवावा. हे टेबलाचं खरं काम. 'खाट शिल्लक नाही' म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर शिल्लक खाटा दिसतात, स्क्रीनशॉट काढा आणि लेखी नकार मागा. लेखी म्हटलं की बऱ्याचदा खाट सापडते. आणीबाणीत अनामत रकमेसाठी अडवता येत नाही, जीव वाचवण्याचे उपचार आधी.

आणि वहीत आधार क्रमांक पूर्ण लिहू नका. शेवटचे चार अंक पुरेत. वही हरवते.

#१२ मुठाकाठ

पावसाचं मी लिहितो, कारण जून आला की सगळ्यांना आठवतं आणि ऑक्टोबरात सगळे विसरतात.

टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या साखळीत खडकवासला सगळ्यात खाली आणि लहान, जेमतेम दोन टीएमसी. वरची धरणं भरली आणि घाटात पाऊस असला की ते झपाट्याने भरतं आणि पाणी सोडावंच लागतं. मुठेची निळी पूररेषा (तेवढ्या विसर्गात पाणी कुठवर चढेल ती नकाशावरची रेषा) ६० हजार क्युसेकची आणि लाल १ लाखाची धरलेली आहे. पण २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत घरं बुडाली ती साधारण ३५ हजारांच्या विसर्गात. धरणाखालच्या ओढ्यांचं पाणी विसर्गाच्या आकड्यात मोजलं जात नाही आणि नदीचं पात्र भरावांनी अरुंद झालंय. म्हणून 'आम्ही निळ्या रेषेबाहेर' यावर झोपू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, त्याला तर धरणाचा संबंधही नव्हता.

मे अखेर इमारतवार यादी: तळमजल्यावर कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, ऑक्सिजनवर कोण, गरोदर कोण, एकटं कोण. प्रत्येक इमारतीला दोन माणसं. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲप कोणी बघत नाही, फोनची साखळी हवी: एकाने पाच जणांना, त्या प्रत्येकाने पाच घरांना. ज्याने उचलला नाही त्याचं दार ठोठवायचं. शिट्टी, टॉर्च, दोरखंड, मीटरखोलीची किल्ली कोणाकडे ते कागदावर, भिंतीवर. पाणी पार्किंगला लागायच्या आत मुख्य स्विच बंद आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद. लिफ्टचा खड्डा आधी भरतो.

जेवणाचं प्रमाण: १०० माणसांना खिचडीसाठी तांदूळ ८ ते १० किलो, मूगडाळ ४ किलो, तेल दीड लिटर. पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर धरलं तर २० लिटरचे १५ जार. कमी पडतं ते जेवण नाही, वाटप. सगळ्या संस्था मुख्य रस्त्यावरच्या पहिल्या तीन इमारतींना देऊन फोटो काढून जातात. मागच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस यादी घेऊन उभा करा.

जुने कपडे मागू नका, त्यांचे ढीग नंतर कचऱ्यात जातात. मागायचं ते हे: झाडू, फिनेल, ब्लीचिंग पावडर, रबरी हातमोजे, गमबूट, जाड कचरापिशव्या, नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, कोरड्या चादरी. चिखलात काम केलेल्यांनी लेप्टो (घाण पाण्यातून होणारा ताप) टाळायच्या गोळीबद्दल महापालिकेच्या दवाखान्यात विचारावं.

आणि साफसफाईच्या आधी फोटो! भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेला टेप लावून, फ्रीज-गाद्या-धान्य वेगवेगळे. पंचनामा होईपर्यंत भिजलेलं सामान दारात दिसेल असं ठेवा. घर पुसून लख्ख केलं की पंचनाम्यात नुकसान 'अंशतः' होतं. भाडेकरूंची नावं पंचनाम्यात मालकाच्या नावाखाली गायब होतात, त्यांनी स्वतः उभं राहून आपलं नाव लिहून घ्यावं.

#१३ भाग_क्रमांक

मतदार यादीचं काम निवडणुकीच्या आधी महिनाभर करायचं नसतं. महापालिकेसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेची यादी ठराविक तारखेची घेऊन ती प्रभागांत फोडतात. त्या टप्प्यावर नवीन नाव चढत नाही. फक्त चुकून शेजारच्या प्रभागात गेलेली नावं हरकत घेऊन परत आणता येतात. म्हणून नमुना ६ (नवीन नाव) आणि ८ (पत्ता बदल, दुरुस्ती) ची कामं आत्ता. वर्षात चार अर्हता तारखा (त्या दिवशी १८ पूर्ण हवेत) आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.

घर बदललं तर नमुना ८. लोक नवा ६ भरतात आणि नाव दोन ठिकाणी येतं. नमुना ७ म्हणजे नाव वगळण्याची हरकत, तो जपून. गठ्ठ्याने भरलेले घेत नाहीत आणि खोटं निवेदन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली गुन्हा आहे. पुनर्वसनात हललेल्या वस्त्यांची नावं सगळ्यात जास्त गळतात, जुन्या जागी 'आढळले नाहीत' आणि नव्या जागी नोंद नाही. संक्रमण शिबिरात एक रविवार बसलात तर ते काम होतं.

#१४ रिकामा_कट्टा

पैशाचं राहिलं. लोकांकडून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची आणि संस्था नोंदलेली नसेल तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली रीत आहे, गणेश मंडळं घेतात तीच. पुण्यात धर्मादाय कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर. एकाच्या वैयक्तिक खात्यावर क्यूआर लावून पैसे घेणं ही भांडणाची पहिली पायरी. शक्यतो पैसे नकोच, वस्तू घ्या. किराणा दुकानाचं बिल देणाऱ्याने थेट दुकानदाराला भरावं.

संस्था नोंदवायची घाई करू नका. सात माणसं मिळतात हो, पण मग दरवर्षी हिशेब तपासणी आणि विश्वस्त बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज. ते न केल्याने मेलेल्या संस्था धर्मादाय कार्यालयाच्या कपाटात भरपूर आहेत.

#१५ आडवा_प्रश्न

आणि पक्षात जायचं की नाही?

#१६ स_यादी

जा की. फक्त दोन वह्या ठेवा. मदत-टेबलाची यादी पक्षाच्या बूथ यादीत गेली की पुढच्या आठवड्यापासून टेबलावर अर्धीच वस्ती येते. टेबलावर चिन्ह नाही, गळ्यात उपरणं नाही, ही अट पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर घालून घ्यायची.

#१७ नवखा_नाना

शेवटचा प्रश्न, हसू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प कुठे मिळतो? दोन विक्रेत्यांकडे फिरलो, संपलेत म्हणतात.

#१८ सोमवार_तीन_ते_पाच

स्टॅम्पच हवा असं नाही. रोख चालते. अर्ज देताना दहा रुपये भरा, पावती क्रमांक अर्जावर लिहा, पावतीची झेरॉक्स आपल्या प्रतीला टाचा. सुटे घेऊन जा.